निष्ठा आणि निलंबन

१२ जानेवारी २०१६ हा दिवस मेलबर्न शहरातील एका मोठ्या समुदायाच्या स्मरणात दीर्घकाळ राहील. त्या दिवशी ‘एसेन्डन’ या जुन्या आणि लोकप्रिय फुटबॉल क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंना आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने निषिद्ध द्रव्याच्या वापराबद्दल दोषी ठरविले आणि दोन वर्षांसाठी निलंबित केले. एखाद-दुसरा खेळाडू अशा प्रकरणात सापडणे ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. परंतु एकाच संघातील चौतीस खेळाडू एकाच निकालाने दोषी ठरावेत, आणि त्यांच्यापैकी एकाचीही चाचणी प्रत्यक्षात सदोष निघालेली नसावी, असे उदाहरण सांघिक खेळांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या निमित्ताने त्या शहरात स्थायिक झाला आहे. तो तिकडे गेला तेव्हा क्रिकेटखेरीज दुसरा खेळ त्याला ठाऊक नव्हता. परंतु कचेरीत रुजू झाल्यावर पहिल्याच सोमवारी सहकाऱ्यांनी त्याला विचारले, ‘तुमचा संघ कोणता?’ मेलबर्नमध्ये या प्रश्नाला उत्तर नसणे म्हणजे आपल्याकडे गाव नसण्यासारखे आहे. विमानतळाच्या बाजूच्या उपनगरात घर मिळाले, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांचा एसेन्डन हा त्याचाही संघ झाला, आणि तेथेच जन्मलेल्या त्याच्या मुलाने तर लाल-काळ्या पट्ट्याचा मफलर हीच आपली ओळख मानली. निकालाच्या दिवशी त्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांना विचारले, “बाबा, त्यांनी ते औषध घेतलं, की त्यांना ते दिलं?” विद्यार्थ्याने मला पत्र पाठवून हा प्रश्न कळविला आणि खाली लिहिले, ‘सर, याला काय उत्तर द्यावे?’

प्रश्न लहान मुलाचा असला तरी तीन वर्षे कायदेपंडित, क्रीडाधिकारी आणि वृत्तपत्रे त्याच प्रश्नाभोवती फिरत होती. आणि ज्यांचा या प्रकरणाशी कागदोपत्री काहीच संबंध नव्हता, पण ज्यांच्या मनाला सर्वांत जास्त यातना झाल्या, त्या चाहत्यांपुढे तर आणखी एक प्रश्न उभा होता. आपला संघ दोषी ठरला तर आपण काय करावे? हा प्रश्न खेळापुरता मर्यादित नाही. ज्या ज्या संस्थेला आपण ‘आपली’ म्हणतो, त्या प्रत्येक संस्थेच्या बाबतीत तो कधी ना कधी उद्भवतो. म्हणून या दूरच्या प्रकरणाचा जरा तपशिलाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

‘वाट्टेल ते करू’

ऑस्ट्रेलियातील हा फुटबॉल आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. त्याचे पहिले लिखित नियम १८५९ साली मेलबर्नमध्ये तयार झाले. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब आणि प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू असे त्याचे स्वरूप असते. १९८१ साली ज्या मैदानावर कपिलदेवने ऑस्ट्रेलियाचा डाव अवघ्या ८३ धावांत गुंडाळण्यास हातभार लावला, त्याच मेलबर्न क्रिकेट मैदानावर हिवाळ्यात या खेळाला ऐंशी-नव्वद हजार प्रेक्षक लोटतात. तेथील क्लब हे कोणा धनिकाच्या खाजगी मालकीचे नसून बहुतांशी सभासदांच्या वर्गणीवर चालतात. वडिलांचे सभासदत्व मुलाकडे आणि मुलाचे नातवाकडे जाते. एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेला एसेन्डन हा त्यांतील अग्रगण्य क्लब. परंतु २००० सालानंतर अजिंक्यपद त्याच्या वाट्याला आलेले नव्हते.

हे दुष्टचक्र भेदण्यासाठी क्लबने २०११ च्या हंगामापासून जेम्स हर्ड या आपल्याच लाडक्या माजी कर्णधाराला प्रशिक्षक केले. २००० सालचे अजिंक्यपद त्याच्याच नेतृत्वाखाली मिळाले होते. त्यापाठोपाठ शारीरिक क्षमता वाढविणारे तज्ज्ञ आले आणि त्यांच्यासमवेत स्टीफन डँक नावाचे क्रीडाशास्त्रज्ञही आले. २०१२ च्या हंगामात खेळाडूंना इंजेक्शनांची एक मालिका देण्यात आली. काही इंजेक्शने क्लबच्या आवाराबाहेर देण्यात आली. खेळाडूंकडून संमतीपत्रांवर सह्या घेण्यात आल्या. त्यांत ‘थायमोसिन’ असा शब्द होता, पण थायमोसिन या कुळातील नेमके कोणते द्रव्य हे मात्र स्पष्ट नव्हते. क्लबच्या स्वतःच्या डॉक्टरांनी जानेवारी २०१२ मध्येच पत्र लिहून आपली चिंता व्यक्त केली होती. ते पत्र कोणाच्या टेबलावर गेले आणि तेथे त्याचे काय झाले, हा पुढे चौकशीचा विषय झाला. २०१३ च्या हंगामासाठी सभासद नोंदणीच्या जाहिरातीत क्लबने जे ब्रीदवाक्य घेतले होते, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘वाट्टेल ते करू’. काही आठवड्यांतच ते ब्रीदवाक्य गुंडाळून ठेवावे लागले, यात आश्चर्य ते काय!

५ फेब्रुवारी २०१३ रोजी क्लबने आपण होऊन चौकशीची मागणी केली. मे महिन्यात डॉ. झिगी स्वित्कोव्स्की यांनी क्लबसाठी केलेल्या अंतर्गत पाहणीचा अहवाल आला. औषधांचे प्रयोग चालू होते, त्यांवर कोणाचे नियंत्रण नव्हते, त्यांना कोणी हरकत घेतली नाही आणि त्यांची धड नोंदही ठेवली गेली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ऑगस्ट २०१३ मध्ये लीगने क्लबला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. गुणतक्त्यात सातव्या असलेल्या संघाला नवव्या क्रमांकावर ढकलून बाद फेरीतून वगळले. नवे खेळाडू निवडण्याचे हक्क काढून घेतले, आणि हर्डला एक वर्षासाठी दूर केले. ही सारी शिक्षा खेळाला कमीपणा आणल्याबद्दल होती. खेळाडूंनी निषिद्ध द्रव्य घेतले की नाही, हा मूळ प्रश्न अद्याप तसाच होता.

साखळी आणि दोरखंड

ऑस्ट्रेलियाच्या उत्तेजकविरोधी यंत्रणेचा आरोप असा होता की खेळाडूंना ‘थायमोसिन बीटा-४’ हे निषिद्ध द्रव्य देण्यात आले. पण चाचणीत ते सापडलेले नव्हते, नोंदवह्या नव्हत्या आणि ज्याच्या हातून सारे झाले तो शास्त्रज्ञ साक्षीला आला नाही. ३१ मार्च २०१५ रोजी लीगच्या न्यायाधिकरणाने ३४ खेळाडूंना दोषमुक्त केले. द्रव्य परदेशातून आले, ते औषध तयार करणाऱ्याकडे पोहोचले, तेथून ते क्लबमध्ये आले आणि खेळाडूंच्या शरीरात गेले, या पुराव्याच्या साखळीतील कड्या जुळत नाहीत, असे त्या न्यायाधिकरणाचे मत पडले. एसेन्डनच्या चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांच्या दृष्टीने प्रकरण संपले होते.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने मात्र या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे धाव घेतली. तेथे मांडलेला युक्तिवाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे. पुराव्याकडे साखळी म्हणून पाहू नका. साखळीतील एक कडी तुटली की सारी साखळी निरुपयोगी होते. त्याकडे दोरखंड म्हणून पाहा. दोरखंडाचा एकेक पेड कच्चा असला तरी सारे पेड मिळून भार पेलतात. लवादाने ही दृष्टी स्वीकारली. त्यातील एक महत्त्वाचा पेड असा होता की, चाचणीच्या वेळी आपण कोणती औषधे घेतली ते लिहून द्यावयाच्या कागदावर या खेळाडूंनी इंजेक्शनांचा उल्लेखच केला नव्हता. खेळाडूंनी वारंवार ऐकलेल्या सूचनांप्रमाणे स्वतः चौकशी केली नाही, म्हणून शिक्षेत मोठी सूट देण्यासही लवादाने नकार दिला. आधीचा काही काळ वजा जाता निलंबन नोव्हेंबर २०१६ पर्यंत चालले. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयातील दादही ऑक्टोबर २०१६ मध्ये फेटाळली गेली.

त्या वेळी एसेन्डनकडे असलेले बारा खेळाडू २०१६ च्या संपूर्ण हंगामास मुकले. इतर क्लबांत गेलेल्या पाच जणांचेही तेच झाले. क्लबला बाहेरून तात्पुरते खेळाडू घेऊन संघ उभा करावा लागला. बावीस सामन्यांपैकी फक्त तीन जिंकून संघ तळाला गेला. यापूर्वी तो तळाला गेला होता १९३३ साली. कर्णधार जोब वॉटसन याचे तर याहून अधिक नुकसान झाले. २०१२ साली त्याला ‘ब्राउनलो’ पदक मिळाले होते. हे पदक केवळ उत्कृष्ट खेळासाठी दिले जात नाही. उत्कृष्ट आणि निष्कलंक खेळासाठी दिले जाते. नोव्हेंबर २०१६ मध्ये, नियामकांचा निर्णय येण्यापूर्वीच, त्याने ते परत करण्याचे ठरविले. ते पदक पुढे दुसऱ्या क्रमांकावरील दोघांना देण्यात आले. ज्याचे वडीलही याच क्लबचे नामवंत खेळाडू होते, अशा माणसाने ही घोषणा करताना काय अनुभवले असेल, याची कल्पनाच करावी.

नियम इतका कठोर का?

‘मला काय दिले जात होते हे मला माहीत नव्हते’ ही सबब उत्तेजक द्रव्यांच्या कायद्यात जवळजवळ चालत नाही. खेळाडूच्या शरीरात जे जाते त्याला खेळाडू जबाबदार, असे हे निरपेक्ष उत्तरदायित्वाचे तत्त्व आहे. सामान्य माणसाला ते अन्याय्य वाटते. हेतू नसता गुन्हा कसला, असे आपण फौजदारी कायद्याच्या संस्कारांमुळे विचारतो. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या नियमामागील कारण सहज दिसते.

दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंचा विचार करा. दोघांनीही द्रव्य घेतले नाही तर दोघांचेही हित आहे. पण समोरचा घेत असेल आणि आपण घेतले नाही, तर आपण हरणार, ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. त्यामुळे दोघेही न घेण्यापेक्षा घेण्याकडे झुकतात आणि शेवटी दोघांचेही नुकसान होते. या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच. पकडले गेल्यास होणारी शिक्षा निश्चित आणि मोठी असली पाहिजे. आता ‘माहीत नव्हते’ ही सबब मान्य केली तर काय होईल? अज्ञान ही फायद्याची वस्तू होईल. प्रत्येक क्लब आपल्या खेळाडूंना काळजीपूर्वक अज्ञानात ठेवील, आणि खेळाडूही आपले अज्ञान जपून ठेवील. म्हणून नियमाने अज्ञानाची किंमत वाढवून ठेवली आहे. येथवर मला तो नियम मान्य आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. क्लबमध्ये नुकताच दाखल झालेला एकोणीस वर्षांचा मुलगा आणि संघाचा प्रशिक्षक यांची स्थिती समान नसते. पुढच्या शनिवारी संघात कोण खेळणार हे प्रशिक्षक ठरवितो. कराराची मुदत वाढवावयाची की नाही हे क्लब ठरवितो. अशा परिस्थितीत संमतीपत्र पुढे सरकविले तर किती मुले ‘मी आधी बाहेरच्या डॉक्टरला विचारून येतो’ असे म्हणतील? आपल्याकडे नव्याने नोकरीस लागलेला कारकून साहेबाने पुढे केलेल्या कागदावर सही करताना किती प्रश्न विचारतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे. ज्याला सर्वांत कमी माहिती आणि ज्याच्या हाती सर्वांत कमी सत्ता, त्याने सर्वांत मोठी किंमत मोजावी, असा या प्रकरणाचा ताळेबंद निघाला.

या दृष्टीने जानेवारी २०१६ मधीलच दुसरी एक घटना मला मुख्य निकालाइतकीच महत्त्वाची वाटते. लवादाचा निकाल लागून पंधरवडा-तीन आठवडे होतात न होतात तोच मेलबर्नच्या न्यायालयाने एसेन्डन क्लबला कामगारांच्या सुरक्षिततेच्या कायद्याखाली दोन लाख डॉलर दंड केला. क्लबने गुन्हा कबूल केला होता. कारखान्यातील यंत्राला संरक्षक जाळी नसली तर जो कायदा लागू होतो, तोच येथे लागू झाला. खेळाडू हा कामगार आहे, त्याचे शरीर धोक्यात घातले गेले आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे, हे त्यामुळे कायद्याच्या भाषेत नोंदले गेले. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या बातमीला मोठी जागा मिळाली नाही. मिळावयास हवी होती.

आणि नोंदवह्यांचे काय? कोणत्याही कचेरीतील रोखपालाने ‘व्हाउचरच नाहीत, तेव्हा अफरातफर सिद्ध होत नाही’ असे उत्तर दिले तर हिशेब तपासनीस ते ऐकून घेईल काय? व्हाउचर नसणे हाच तेथे पहिला आक्षेप असतो. एसेन्डनच्या प्रकरणात मात्र नोंदी नसल्यामुळे खेळाडूंना निर्दोषत्व सिद्ध करता आले नाही आणि यंत्रणेलाही थेट पुरावा देता आला नाही. खेळाडूला दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि देणाऱ्याची सही यांची वही ठेवणे क्लबवर बंधनकारक असावे, ती सादर न करणे हाच स्वतंत्र आणि गंभीर अपराध मानावा, व त्याची शिक्षा संचालकांपर्यंत पोहोचावी. खेळाडूवरील कठोर नियम सैल करण्यापेक्षा तोच कठोरपणा वरच्या मजल्यापर्यंत नेणे अधिक न्यायाचे आहे.

निष्ठेचे अर्थशास्त्र

आता चाहत्यांकडे वळू. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या ग्रंथात असा विचार मांडला की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला तर तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात. एक, संस्था सोडून जाणे. दुसरा, आत राहून आवाज उठविणे. कोणता मार्ग निवडला जाईल हे बऱ्याच अंशी निष्ठेवर अवलंबून असते. साबण वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेते. पण गाव, पक्ष, शाळा किंवा संघ असा बदलता येत नाही. निष्ठा माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही, आणि म्हणूनच आवाज उठविण्यास वेळ मिळतो. हर्शमनच्या मते निष्ठेचे खरे कार्य हेच आहे.

एसेन्डनचे चाहते निघून गेले नाहीत. संघाचे बारा खेळाडू निलंबित असताना, पराभवामागून पराभव होत असताना, २०१६ साली क्लबच्या सभासदांची संख्या पन्नास हजारांहून अधिक राहिली. ही गोष्ट हृदयस्पर्शी आहे. परंतु निष्ठेची कसोटी केवळ हजेरीने पूर्ण होत नाही. त्या तीन-चार वर्षांत चाहत्यांची वागणूक साधारणपणे तीन प्रकारची दिसली. काहींनी सारेच नाकारले. हा लीगचा कट आहे, राजकारण्यांना प्रसिद्धी हवी आहे, परदेशी लवादाला आमचा खेळ काय कळतो, असे ते म्हणत. काहींनी सारा दोष एका शास्त्रज्ञाच्या माथी मारला आणि त्याला आणणाऱ्यांना, त्याला मोकळीक देणाऱ्यांना अलगद सोडून दिले. हर्डवरील प्रेमापोटी त्याच्या पाठीशी उभे राहण्याची मोहीमही चालली. तिसरा, संख्येने लहान गट असा होता की जो सामन्यांना येत होता, वर्गणी भरत होता आणि सभेत विचारत होता की आमच्या मुलांना तुम्ही काय टोचले ते सांगा.

दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी संघांचे चाहते होते. जून २०१३ मध्ये वॉटसनने दूरचित्रवाणीवर एका द्रव्याबद्दल प्रांजळपणे सांगितले, तेव्हा पर्थमधील सामन्यात चेंडू त्याच्या हाती येताच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. ज्याने काही सांगितले त्याची हुर्यो झाली आणि जे गप्प राहिले ते त्या संध्याकाळी सुखाने खेळले. चाहत्यांच्या जमावाने दिलेला हा धडा खेळाडूंनी नीट लक्षात ठेवला तर दोष कोणाचा? सत्य बोलण्याची किंमत प्रेक्षकच वाढवू लागले, तर तपासयंत्रणेला साक्षीदार कोठून मिळणार?

याशिवाय एक अप्रिय गोष्ट चाहत्यांनी स्वतःशी कबूल केली पाहिजे. विजयाला मागणी आहे म्हणून विजयाचा पुरवठा करणारे निरनिराळे कारागीर बाजारात येतात. बारा वर्षे अजिंक्यपद नाही म्हणून कुरकुरणारे सभासद आणि ‘वाट्टेल ते करू’ म्हणणारे संचालक यांच्यात काहीच नाते नाही, असे म्हणता येणार नाही. अर्थात मागणी करणारा आणि गुन्हा करणारा यांना एका पारड्यात घालणे अयोग्य होईल. पण आपला संघ एकाएकी बलवान होऊ लागला म्हणजे ‘कसा?’ हा प्रश्न विचारण्याची सवय प्रेक्षकांनी लावून घेतली, तर संचालकांना ‘वाट्टेल ते’ या शब्दांचा उच्चार करण्यापूर्वी दोनदा विचार करावा लागेल.

आपल्या अंगणात

हे सारे दूरदेशीचे आहे असे समजून हात झटकण्याचे कारण नाही. २०११ साली आपल्या देशाच्या ४ × ४०० मीटर रिले संघातील धावपटू उत्तेजक चाचणीत सापडल्या. त्यांतील काहींनी आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवून दिले होते. आपल्याला प्रशिक्षकाने जिनसेंगच्या गोळ्या दिल्या, असे त्यांचे म्हणणे होते. युक्रेनहून आलेल्या त्या प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. येथील समितीने एक वर्षाची बंदी घातली; क्रीडा लवादाने ती २०१२ मध्ये दोन वर्षांची केली. घेतले की दिले, हाच प्रश्न तेथेही होता.

आणि २०१६ सालचे नरसिंग यादवचे प्रकरण तर महाराष्ट्रातील वाचक विसरले नसतील. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेला हा मुंबईचा मल्ल. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या चाचणीत निषिद्ध द्रव्य सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याने सांगितले. १ ऑगस्ट रोजी राष्ट्रीय यंत्रणेच्या समितीने त्याला दोषमुक्त केले. जागतिक संस्थेने क्रीडा लवादाकडे अपील केले, आणि १८ ऑगस्ट रोजी, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. कटाचा दावा पुराव्याने शाबीत झाला नाही, असे लवादाचे म्हणणे पडले. येथे दोषमुक्ती, तेथे अपील आणि नंतर शिक्षा, हा क्रम एसेन्डनच्या प्रकरणाशी किती जुळतो, हे सांगावयास नकोच.

या बाबतीत मला माझीच एक आठवण नमूद केली पाहिजे. त्या जुलै महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात या विषयावर रोज चर्चा होत असे. हा उघड उघड कट आहे, असे सर्वांत मोठ्या आवाजात सांगणारा मीच होतो. वर्गात पुराव्याशिवाय निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण मी कापतो. तरीही या प्रकरणातील एकही कागद न वाचता मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. आमच्यातील एक वयस्कर ग्रंथपाल मला एवढेच म्हणाले, “सर, तो दुसऱ्या राज्याचा पैलवान असता तर तुम्ही हेच म्हणाला असता का?” मी काही उत्तर दिले नाही. नरसिंगच्या बाबतीत खरे काय घडले याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण माझी खात्री पुराव्यातून आलेली नव्हती, मायेतून आली होती, हे मला त्या दिवशी कळले. एसेन्डनच्या चाहत्यांविषयी लिहिताना म्हणूनच मी त्यांच्यापासून दूर उभा राहू शकत नाही.

उत्तर

विद्यार्थ्याला मी जे कळविले ते थोडक्यात असे. मुलाला सांगावे की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ज्यांच्यावर विश्वास ठेवावा अशा माणसांनी त्यांना ते दिले, हे खरे. आणि हे काय आहे असे पुरेसे न विचारता त्यांनी ते घेतले, असे लवादाने ठरविले, हेही खरे. लवादाचा निर्णय न पटणे हा प्रामाणिक माणसाचा हक्क आहे. पण तो न पटण्याचे कारण आपले प्रेम आहे की आपण वाचलेला पुरावा, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासून पाहावे. मफलर टाकून देण्याचे कारण नाही. मात्र पुढच्या वर्षी वर्गणी भरताना, औषधांची वही ठेवली आहे काय आणि ती कोण तपासतो, असे क्लबला एका पत्राने विचारावे. पन्नास हजार सभासदांपैकी पाच हजारांनी जरी असे पत्र लिहिले तरी त्याचा परिणाम कोणत्याही दंडापेक्षा अधिक टिकेल.

२०१७ च्या मार्चमध्ये निलंबित खेळाडू परतले. पहिला सामना मेलबर्न क्रिकेट मैदानावर हॉथॉर्नशी होता. पंचाहत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर एसेन्डनने तो जिंकला. वॉटसन त्या सामन्यात खेळला. त्या हंगामाच्या अखेरीस तो निवृत्त झाला. माझा विद्यार्थी मुलाला घेऊन तेथे गेला होता. लोक रडत होते, असे त्याने लिहिले आहे. घरी परतताना आगगाडीत त्याने मुलाला पुन्हा एकदा सारे समजावून सांगितले. कोणी दिले, कोणी घेतले, कोणी चौकशी केली, आणि नेमके काय टोचले गेले हे आजही कागदावर का सापडत नाही.

मुलाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “पण बाबा, त्यांनी वहीत लिहून का नाही ठेवलं?”

याला काय उत्तर द्यावे, असे मात्र या वेळी विद्यार्थ्याने मला विचारलेले नाही.